मालकाचं बोट

आमच्या तलवाड्यात मेलेलं माणूस कोणी उठवल्याचं मी ऐकलं नाही; पण मेलेला मोबाईल उठवणारा एक आहे, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून किराणा दुकान चालवतो. सगळं गाव त्याला आप्पा म्हणतं. मी त्याच्याहून आठ वर्षांनी थोरली, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला आक्का म्हणतो. दहावीला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा इंग्रजीत गेला. आज त्याच इंग्रजीत कुठला परदेशातला पोरगा मोबाईलच्या पोटात कसं शिरायचं ते लिहून ठेवतो, आणि हा चष्मा कपाळावर चढवून, एकेका शब्दाचा अर्थ मोबाईललाच विचारत ते वाचून काढतो. साठीनंतर माणसं तीर्थाला जातात, नाहीतर गुडघे चोळत बसतात. ह्याने हा उद्योग धरला.

दुकानात डाळींच्या डब्यांमागे पाच-सहा मोबाईल नेहमी पडलेले असतात. कोणाचा कंपनीची खूण दाखवून तिथेच अडकलेला, कोणाचा इतका जुना की नवीन काही त्यात चालत नाही. मोबाईल कामाला लावला की आप्पाला गिऱ्हाईक दिसत नाही. एकदा तालमीजवळची एक बाई पिशवी घेऊन कितीतरी वेळ उभी होती. शेवटी म्हणाली, "आप्पा, साखर देता का जाऊ?" हा म्हणाला, "थांब गं, साठ टक्के झालंय." "साखर?" "साखर न्हाई, मोबाईल!" त्या बाईने आत शिरून स्वतःच साखर तोलली, पुडा बांधला आणि जाताना ह्याच्या तोंडासमोर हात हलवून गेली. त्याला ते संध्याकाळी त्याच्या बायकोकडून कळलं. बायको म्हणजे आमची वाणीण. ती म्हणायची, "आमच्या दुकानात दोनच गोष्टी बसत्यात, माशा आन् मोबाईल."

मोबाईलला हात लावायच्या आधी आप्पाची आंघोळ होते, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा होते, कपाळाला भस्म लागतं. मगच तो एका धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली केबल काढतो. त्या केबलला घरातल्या कोणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, सोवळ्यात ठेवतोस की काय तिला? तर म्हणाला, "आक्का, काम अर्ध्यावर असताना केबल हालली तर मोबाईलची वीट होती. घर बांधायला बी कामाची न्हाई." पावसाळ्यात वीज जायची भीती, म्हणून तो लॅपटॉप भरून घेतो, आणि भिंतीवर पाल चुकचुकली तर थोडा वेळ थांबतो. मोबाईलला पालीचं काय कळतं, असं मी विचारलं. म्हणाला, "मोबाईलला न्हाई कळत, मला कळतंय ना."

मी चौथी शिकलेली. तू नेमकं करतोस काय ते मला समजेल असं सांग, म्हटल्यावर त्याने सांगितलं, "मोबाईलला दोन दारं असत्यात. पुढचं दार आपण रोज उघडतो. ते अडकलं तर मागचं दार, त्याला म्हणायचं रिकव्हरी. कंपनीचं मागचं दार लई अरुंद. त्यातून निस्तं घर झाडून रिकामं करता येतंय. मी ते काढून माझं मोठं दार बसवतो. मग माल बाहेर काढा, नवा भरा, काय बी करा."

"म्हणजे चोराचीच सोय की रे."

"न्हाई. आतल्या समद्या डब्यांना कुलूप, आन् डब्यावरच्या चिठ्ठ्या बी बदललेल्या. पुढ्यात तुरीची डाळ असली तरी चिठ्ठीवर निस्तं गिचमिड. मालकानं खूण सांगितल्याबिगर एक दाणा कळत न्हाई."

मालकाला विचारायचं शहाणपण त्याला माझ्या जिवावर आलेलं आहे. मागचं दार बसवायचं तर आधी कंपनीने घातलेली कडी काढावी लागते, आणि ती कडी काढली की मोबाईल भिऊन आतलं सगळं पुसून टाकतो. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं. माझा मोबाईल नव्यासारखा पळायला लागला आणि माझ्या पणतीच्या बारशाचे फोटो गेले. मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं, तुझं दुकान मी असं झाडून टाकलं तर चालेल का? महिनाभर मी मीठसुद्धा पलीकडच्या दुकानातून आणलं. त्याने वाणिणीच्या हाती पुडा पाठवला, तो मी तसाच परत केला. मला राग धरायला आवडत नाही, पण धरला तर नीट धरते.

तेव्हापासून त्याचा नेम झाला. मोबाईलच्या मालकाला तो तीनदा विचारतो, "समदं पुसलं जाईल. फोटो, नंबर, निरोप. चालंल का?" आणि शेवटचं बटण मालकाने आपल्या बोटाने दाबायचं. आमच्याकडच्या एका पुढाऱ्याने आपल्या माणसाच्या हाती मोबाईल पाठवला. आप्पाने तो तसाच परत दिला. म्हणाला, "मालकाचं बोट आणा." माणूस म्हणाला, "साहेब येणार का तुमच्या दुकानात?" "मग मोबाईल बी येणार न्हाई." दुसऱ्या दिवशी साहेब आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, तेलाच्या डब्यावर बसलेले, आणि हा त्यांना शाळेतल्या पोरासारखं तीनदा विचारतोय. साहेबांनी तिन्ही वेळा "हो" म्हटलं. बाजाराचा दिवस होता. निम्म्या बाजाराने ते पाहिलं.

गेल्या थंडीत वाणिणीला लकवा झाला. सकाळी चहा गाळताना हातातलं भांडं पडलं आणि मागोमाग ती. बीडच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आली तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं होतं. समजत सगळं होतं. डोळ्यांवरून मला ते लगेच दिसलं, कारण मी जाऊन "वाणिणी, वाळलीस गं" म्हटल्यावर तिने माझ्याकडे पूर्वीसारखंच रागाने पाहिलं. बीडला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, हिचाच जुना आवाज हिला ऐकवा, रोजच्या बोलण्यातला. कधी कधी ओळखीचा शब्द जिभेवर परत येतो.

जुना आवाज होता. वाणीण पाली गावात दिलेल्या आपल्या बहिणीला रोज बोलून निरोप पाठवायची, दोन वर्षं. बहिणीचा मोबाईल साधा. तो भरला की ती सगळे पुसायची. म्हणजे तो आवाज आता वाणिणीच्याच मोबाईलमध्ये होता, आणि तो मोबाईल, ती दवाखान्यात असतानाच, कंपनीची खूण दाखवून बंद पडत होता. परत खूण, परत बंद.

घरातल्या मोबाईलच्या कड्या आप्पाने ते विकत आणले त्याच दिवशी, आत काही नसताना, काढून ठेवल्या होत्या. त्यामुळे ह्या वेळी काही न पुसता मागचं दार बसलं. पण दारात नऊ ठिपके उभे राहिले. त्या ठिपक्यांवरून बोट फिरवून वाणीण मोबाईल उघडायची. ती खूण ह्याला माहीत नव्हती. खूण न देता आत शिरलं तर सगळ्या चिठ्ठ्या गिचमिड.

मग हा ठिपके जोडत बसला. चुकलं की थांबावं लागायचं, आणि लई चुकलं तर मोबाईल कायमचा रुसेल ही भीती, म्हणून दिवसाला दोन-तीनच. कागदावर आकार काढून ठेवायचा आणि चुकलेल्यावर काट मारायचा. पालीच्या बहिणीला विचारलं. सुनेला विचारलं. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "आप्पा, पुसून टाका. तिला नवा घेऊ." आप्पाने फोन ठेवून दिला. अकराव्या दिवशी तो माझ्या ओट्यावर आला. दाढी वाढलेली.

"आक्का, तुमच्यासमोर कधी उघडला का तिनं?"

"रोज उघडायची. मी कशाला बघू दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये?"

"आता पुसायलाच लागंल मग."

"तिला विचारलंस?"

"ती कुठं बोलतीय?"

"बोल म्हटलं का मी? गावाला मालकाचं बोट मागतोस. तेलाच्या डब्यावर पुढाऱ्याला बसवतोस. आणि घरातला मालक जिवंत बसलाय, त्याला सोडून पाली-पुणं हिंडतोस!"

तो पायरीवर बसला आणि बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिला. तो लागलेलाच होता.

मी त्याच्याबरोबर गेले. पलंगावर टेकून बसलेल्या वाणिणीच्या डाव्या हाताशी मोबाईल धरला. बोट काचेवरून घसरलं, चुकलं. ती रडायला लागली. मला रडणं बघत बसता येत नाही. मी दुकानातून मोठी परात आणली, त्यात ज्वारीचं पीठ पसरलं आणि वर नऊ हरभरे मांडले, तीनच्या तीन ओळी. परात तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "काच सोड. ह्याच्यावर काढ." तिने डोळे पुसले आणि पिठातून बोट फिरवलं. सावकाश, पण न थांबता. हाताला सगळं आठवत होतं.

आप्पा समोर स्टुलावर बसला होता. त्याने परातीत बघून मोबाईलवर तसंच काढलं. चुकलं. तिने पुन्हा काढलं, तेच. ह्याने पुन्हा काढलं. चुकलं. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तिला आठवत न्हाई, आक्का." तिने ते ऐकलं आणि डाव्या हाताने परातीवर अशी थाप मारली, की पीठ ह्याच्या भस्मावर उडालं.

"तिला आठवतंय," मी म्हटलं. "तूच उलटं बघतोयस. समोर कशाला बसलास? तिच्या बाजूनं बघ. शेजारी बस तिच्या."

तो उठला, पलंगावर तिच्या शेजारी बसला. तिने तिसऱ्यांदा काढलं. त्याने तिच्या खांद्यावरून पाहून काढलं. सगळ्या चिठ्ठ्या एका क्षणात वाचता यायला लागल्या. निरोपाचा डबासुद्धा समोर आला.

त्याचं बोट तिथे गेलं आणि थांबलं. त्याने तिला विचारलं, "ऐकू का?" तिने मान हलवली. नाही. त्याने परत विचारलं. नाही. तिसऱ्यांदाही नाही. मला वाटलं, आता हा तरीही निरोप ऐकणार. अकरा दिवस तडफडलाय. त्याने मोबाईल उशीपाशी ठेवला आणि म्हणाला, "मालक न्हाई म्हणतोय, आक्का." आणि उठून पीठ झटकत दुकानात गेला. मी तेव्हा त्याला वेडा म्हटलं. तोंडावर म्हटलं.

दोन दिवसांनी तिने आपणहून तो मोबाईल त्याच्याकडे सरकवला. त्याने निरोप लॅपटॉपवर काढून लावले, आणि ऐकल्यावर तिच्या नकाराचं कारण कळलं. दोन वर्षांचे निरोप, आणि बहुतेक सगळे ह्याच्याविषयी. "आमच्या घरच्यांचं डोकं ठिकाणावर न्हाई गं." "आज दूध उतू गेलं, हे निस्ते बघत बसले." "मी ह्यांच्याशी कशाला बोलू? मी काय मोबाईल हाय का?" आप्पा एकेक निरोप मान खाली घालून ऐकत होता. "खरं हाय," म्हणायचा आणि पुढचा लावायचा. ती अर्ध्या तोंडाने हसत होती. दुसरं अर्धं तसंच होतं.

एक निरोप सगळ्यात लांबलचक निघाला. बोट बटणावरच राहिलेलं असणार. त्यात बोलणं नाही. पीठ चाळल्याचा आवाज, बांगड्या, लांब कुठे एस.टी.चा हॉर्न. मध्येच दुकानातून ह्याची हाक, "अगं, पाणी आण." आणि तिचा आवाज, "आले." बस एवढंच. बहिणीला तो तसाच गेला होता. बाकीचे निरोप तो कधी कधी लावतो. हा रोज लावतो.

आता उन्हाळा लागलाय. चालणं तिला जमत नाही आणि जमेल असं मला वाटत नाही. खोटं कशाला सांगू? बोलण्यातला एकच शब्द परत आलाय. मी माझ्या स्वयंपाकघरात असते तेव्हा भिंतीपलीकडून ऐकू येतं. दुकानातून आप्पा उगाचच हाक मारतो, "अगं, पाणी आण." आतून ती म्हणते, "आले." मग आप्पा तांब्या भरून आत जातो.