मालनताईंच्या भुवईतली चमकी

गेल्या तीसेक वर्षांत रत्नागिरीतून ज्या मुली 'कामसू आणि कलाकार' म्हणून सासरी गेल्या, त्यांतल्या निम्म्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे ठामपणे सांगू शकेल अशी एकच बाई गावात आहे, आणि ती कधी सांगत नाही. झाडगावातल्या मालनताई. कारण त्या मुलींची रुखवतं त्यांनीच केली.

लग्नाच्या हॉलमध्ये टेबलावर चादर घालून मांडतात ना, लोकरीची तोरणं, सुपारीचे भटजी, मोत्यांचं तुळशीवृंदावन, ते सगळं. पुढे कार्ड असतं, 'चि. सौ. कां. अमुकच्या हातचं'. वरपक्षाच्या बायका चष्मे सावरून बघतात आणि 'मुलीच्या हातात कला आहे हो' म्हणतात. मुलगी लाजते. मालनताई मागच्या रांगेत बसून मठ्ठा पीत असतात. ते कार्डसुद्धा त्यांनीच लिहिलेलं असतं, मुलीचं वाटावं म्हणून जरा वाईट अक्षर काढून.

नावं घ्यायला नकोत. पण माळनाक्यावरच्या एका डॉक्टरीणबाई लेकीने भरलेला म्हणून जो बगळा भिंतीवर लावून आहेत, त्याचा एक पाय आखूड का, तर तो भरताना मालनताईंना ताप होता. डॉक्टरीणबाई मात्र पाहुण्यांना सांगतात, उडायच्या बेतात आहे तो!

तर अशा या मालनताई. कंपाउंडर नवरा लवकर गेला, मुलगा डोंबिवलीला, आणि स्वभाव असा की तोंडातून 'नाही' हा शब्द निघत नाही. कुणी काही मागितलं की म्हणणार, 'बघत्ये हो.' आणि त्यांनी 'बघत्ये' म्हटलं की काम झालं, हे गावातल्या सगळ्या मुलींच्या आया जाणून.

यंदा मात्र त्या दमल्या. खांदा आखडला. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो कानापर्यंतही जाईना.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. घरीच असत्ये."

औषध दिलं, हाताला आराम सांगितला. मालगुंडला त्यांची थोरली बहीण असते, सोनूबाई. एकटीच. ती वर्षानुवर्षं बोलावतेय, "ये गो, चार दिवस नुसती बसायला ये." मालनताई दर वर्षी हो म्हणायच्या आणि दर वर्षी कुणाच्या तरी पोरीचं ठरायचं. या खेपेला त्यांनी दिवाळी झाल्याबरोबर पिशवी भरली. दोन लुगडी, खांद्याला लावायचं तेल, बहिणीसाठी कुळथाचं पीठ. पिशवी दाराशी ठेवली आणि वासंतीवहिनी दारात उभ्या.

वासंतीवहिनी म्हणजे बागायतदारांच्या. त्यांच्या ऋतिकाने पुण्यात नोकरी करता करता वसईचा ख्रिस्ती मुलगा पसंत केला होता, हे गावाला वासंतीवहिनींच्या आधी कळलेलं. पंधरा दिवस घरात अबोला झाला, मग मुलाचा पगार कळला आणि अबोला सुटला. इथलं लग्न डिसेंबरात, चर्चमधलं नाताळ उरकल्यावर.

"मालनताई, हे शेवटचं," वासंतीवहिनी पाटावर बसत म्हणाल्या. "त्यांच्यात नाताळचं झाड असतं. मी म्हटलं, आपण रुखवतातच झाड मांडू. त्याला ते काचेचे गोळे, आत चमकी भरलेले. ऋतिकाने स्वतः केले म्हणून. तिच्या सासूला फार नाद आहे म्हणे त्याचा."

"अहो, पण माझा खांदा..."

"काचेला वजन ते काय असतं!"

मालनताईंनी पिशवीकडे पाहिलं. म्हणाल्या, "बघत्ये हो."

पिशवी खाटेखाली गेली.

कोरे गोळे मुंबईहून खोक्यातून आले, एकेक थर्माकोलमध्ये निजवलेला. काच इतकी पातळ की बोटांत धरला तर आहे की नाही कळू नये. पहिला गोळा वरची पत्र्याची टोपी काढतानाच फुटला आणि अंगठ्यात गेला. मग त्यांना रीत सापडली. टोपी हळूच फिरवून काढायची. आत फरशीला लावतात ते पातळ पॉलिश चमचाभर ओतायचं, गोळा सगळ्या बाजूंनी फिरवायचा. जास्तीचं निथळायला गोळे इडलीपात्रात उपडे घालायचे. मग कागदाच्या नरसाळ्यातून चमकी सोडायची आणि पुन्हा फिरवायचं. हे फिरवणं सगळं खांद्यातून. घाई केली तर आपल्या या दमट हवेत पॉलिश सुकत नाही, रात्रीतून चमकी घसरते आणि सकाळी गोळ्याच्या बुडाशी गाळ. अख्खं एक पात्र त्यांना धुऊन पुन्हा करावं लागलं.

म्हणून त्या गोळे दुपारी खिडकीत उन्हाला मांडू लागल्या. समोरच्या तुळसाबाईंच्या भिंतीवर लाल-हिरवे ठिपके नाचू लागले.

"काय गो मालन," तुळसाबाई खिडकीतून ओरडल्या, "दिवसाढवळ्या काजवे पाळलेस काय?"

"आरसा पुसत्ये."

"इतके आरसे? या वयात कुणाला दाखवायचंय गो?"

लोकर, मणी, सुपाऱ्या, या सगळ्या गुपचूप वस्तू. झाडून काढल्या की मागे काही राहत नाही. म्हणून तर इतकी वर्षं गुपित टिकलं. चमकी तशी नव्हे. ती मालनताईंच्या पोळीवर आली, पांघरुणात आली, देवाच्या तेलात तरंगली. भाजीवाल्याने परत दिलेल्या नाण्यांवर ती आधीच होती, म्हणजे कालची त्यांचीच. इडल्या करायची तर सोयच उरली नाही. संध्याकाळी खांद्याला तेल लावताना तळवा चकाकायचा, आणि मालनताई त्याच्याकडे बघत नुसत्या बसून राहायच्या. घासून काढायचंही त्राण नसायचं. ऋतिका त्या दिवसांत एकदाच आली, गोळ्यांचे फोटो काढून सासूला पाठवायला. "सो क्यूट, मावशी," म्हणाली आणि हात न लावता गेली.

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर मधोमध हिरवंगार झाड उभं राहिलं. एका बाजूला सुपारीचे भटजी, दुसऱ्या बाजूला साखरेचं डोरलं, आणि मध्ये चमचमणारे गोळे. बायकांची ही रीघ. सोनेरी गोळ्यातून बघितलं की सगळा हॉल सोन्याचा दिसे, त्यात वासंतीवहिनींचे बागायतदारसुद्धा बरे दिसत होते.

मुलाची आई फिलोमिनाबाई. थोराड हाडाची, गुडघ्यांनी अधू, जरीच्या साडीत अवघडलेली बाई. ती झाडापाशी आली तशी वासंतीवहिनींनी ऋतिकाला पुढे ढकललं.

"सगळे हिनेच केले हो. दोन आठवडे दुसरं काही सुचत नव्हतं पोरीला."

फिलोमिनाबाईंनी एक निळा गोळा उजेडात धरला. बराच वेळ फिरवून पाहिला. मग ऋतिकाचा हात हातात घेतला. लोकांना वाटलं, प्रेमाने. त्यांनी मेंदीचं कौतुक केलं, तळवा उघडून पाहिला, उलटा केला, नखांच्या कडांवरून अंगठा फिरवला. हात लख्ख होता, चमकीचा कणही नव्हता. मग त्यांनी हॉलभर नजर टाकली.

मागच्या रांगेत, ट्यूबलाइटखाली, जांभळ्या साडीतली एक म्हातारी मठ्ठा पीत होती आणि तिची डावी भुवई लुकलुकत होती.

वासंतीवहिनींनी ती नजर ओळखली. पदर सावरत, हसत, लगबगीने त्या आधी मालनताईंपाशी पोहोचल्या आणि दातांतल्या दातांत म्हणाल्या, "मालनताई, तुम्ही जरा जेवणाकडे बघता का? आत्ताच."

मालनताई उठायला गेल्या. खांद्यातून अशी कळ आली की पुन्हा बसल्या. तेवढ्यात फिलोमिनाबाई शेजारच्या खुर्चीवर टेकल्यासुद्धा. आता वासंतीवहिनींना तिथे थांबताही येईना आणि जाताही येईना. त्या दोन खुर्च्या पलीकडे फुलं नीट करत राहिल्या. कान इकडे.

"इथे," फिलोमिनाबाईंनी स्वतःच्या भुवईला बोट लावलं.

मालनताईंनी उजवी पुसली.

"दुसरी."

"पार्लरचं असेल काही," मालनताई म्हणाल्या. सवयच ती.

फिलोमिनाबाईंनी त्यांच्या अंबाड्याकडे पाहिलं, रबरी चपलांकडे पाहिलं. "कुठलं हो पार्लर? मला पण सांगा."

मालनताईंना हसू आलं आणि हसताना खांदा दुखला.

"नाही जात ती," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "ईस्टरपर्यंत निघते माझ्या उशीत. कानाच्या पाळीमागे बघा, तिथेपण असणार." मग आवाज खाली आणून, "आमच्या वाडीत सगळ्यांची झाडं माझ्याच गोळ्यांची. चर्चचं मोठं झाडही. लग्न होऊन आल्यापासून करतेय. आता डोळ्यांना टोपीतली तार दिसत नाही. ह्या मुलीने फोटो पाठवले ना, मी घरात सगळ्यांना सांगितलं, माझी सुटका आली."

मालनताईंनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. इतकी रुखवतं केली, पण टेबलापलीकडे कुणी खरोखर वाट बघत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. सासवा बघतात, कौतुक करतात, घरी जातात, एवढंच त्यांना ठाऊक.

"बोलले नाही मी कुणाला," फिलोमिनाबाई म्हणाल्या, "बोलणारही नाही. पण ताई, यंदाचे चर्चचे तेवढे कराल? माणूस पाठवून नेईन. मीच केले म्हणून सांगेन, तुमचं नाव कुठे येणार नाही."

पलीकडे वासंतीवहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. प्रकरण मिटलं! आता मालनताई 'बघत्ये' म्हणणार, हे ठरलेलंच.

मालनताईंनी तोंड उघडलंही. 'ब' ओठांपर्यंत आला असावा. मग खाटेखालची पिशवी आठवली असेल, किंवा समोरच्या बाईचे सुजलेले गुडघे दिसले असतील, किंवा खांद्यानेच मध्ये तोंड घातलं असेल. त्या म्हणाल्या,

"नाही हो."

वासंतीवहिनींच्या हातातला गजरा खाली पडला.

"नाही जमणार," मालनताई पुन्हा म्हणाल्या. "दमल्ये मी. फार दमल्ये."

फिलोमिनाबाईंनी राग धरला नाही. सुजलेला गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "असं म्हणायचं कसं, ते तरी शिकवा मला."

"मलाच आज पहिल्यांदा जमलंय."

"मग आमच्या झाडाचं काय करू?"

"यंदा नुसतंच उभं राहू दे की. हिरवं असतंच ना ते?"

दोघी हसल्या. वाढप्याने विचारलं तेव्हा दोघींनीही दुसऱ्यांदा मठ्ठा घेतला. जाताना फिलोमिनाबाईंनी ऋतिकाला जवळ घेतलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "हात अगदी स्वच्छ आहेत हो तुझे. वसईला आलीस की मळवू आपण." ऋतिकाचे कान लाल झाले. बाकीच्यांना तो ख्रिस्ती आशीर्वाद वाटला.

दुसऱ्या दिवशी मालनताई मालगुंडच्या एसटीत बसल्या. सोनूबाईंनी बहिणीला ओटीवर बसवलं, समोर पेज ठेवली, आणि पेजेवर तरंगणारा हिरवा कण बोटाने उचलून बघितला.

"हे काय आणलंस गो?"

"जाईल हळूहळू."

सोनूबाई पावटे सोलत होत्या. मालनताईंचा हात आपोआप सुपाकडे गेला. सोनूबाईंनी सूप उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. "बस."

मालनताई बसल्या. हात मांडीवर ठेवले, तर ते काय करावं न कळून जरा वेळ तसेच वळवळले. मग निजले.

फोन वाजला. माघात कुणाच्या तरी लेकीचं लग्न होतं. सोनूबाईंनीच उचलला. "मालन होय? न्हाणीत गेल्ये." दुपारी पुन्हा वाजला, न्हाणीत. उद्या, परवा, जो कुणी करेल त्याला मालनताई न्हाणीतच सापडायच्या.

झाडगावात आता तुळसाबाई सगळ्यांना सांगत असतात, मालनला ती चमकी काही सुटेना म्हणे. आठवडा झाला, घासतेच आहे बिचारी.