एका चौकोनातला तिसरा रंग

पुराव्यावाचून मी साध्या गळक्या नळाचीही तक्रार करत नाही; भुताखेतांवर विश्वास ठेवणे दूरच. तरीही पुढील हकीकत मी शपथेवर सांगण्यास तयार आहे.

आमचा नंदन कॉलेजात असताना मी त्याला टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक घेऊन दिला होता. जाहिरातीत आठ रंग. प्रत्यक्षात पडद्यावरच्या प्रत्येक लहान चौकोनात दोनच मावत. ही उघड फसवणूक! विक्रेत्याला मी अकरा पत्रे धाडली. नंदन मात्र पळवाटा शोधत बसे.

त्याने आईचे चित्र काढले. पिवळे कपाळ, काळ्या भुवया... कुंकू लाल केले की त्या चौकोनातल्या भुवयाही लाल होत. म्हणून त्याने भुवया वरच्या चौकोनात सरकवल्या.

"ही आई की दशावतारातला राक्षस?" मी म्हणालो.

भुवया खाली आल्या, कुंकू काळे झाले.

"काळं कुंकू? मी जिवंत आहे अजून! खबरदार तिला दाखवलंस तर!"

"बाबा, दोनच रंग बसतात हो..."

ते चित्र साठवलेली कॅसेट माझ्या कपाटात कुलूपबंद झाली. त्याच वर्षी काविळीने नंदन गेला.

२००४ चा मे. भाईंदर पूर्व, इंद्रलोक, तिसरा मजला, दुपारचे साडेतीन. काचबिंदूने मालतीची, माझ्या पत्नीची, नजर विझत चालली होती.

"अहो, नंदूने काढलेलं माझं चित्र एकदा बघू द्या. कुंकू काळं तर काळं. स्वयंपाकघरातून ऐकलं होतं मी सगळं."

शेजारच्या जयेशभाईंनी, ते टीव्ही दुरुस्त करतात, माळ्यावरचा संगणक टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडून दिला. कॅसेट किंचाळली, चित्र ओळीओळीने उतरले. कपाळ पिवळे. भुवया काळ्या, जागच्या जागी. कुंकू — लाल.

मी भिंग घेऊन पाहिले. एकाच चौकोनात तीन रंग! कॅसेट पुन्हा लावली, तेच.

"टीव्ही में कोई लोचा नहीं है, अंकल," जयेशभाई म्हणाले.

मालतीने पडद्याला नाक टेकवून कुंकवावर बोट ठेवले.

"लालच तर आहे. उगीच ओरडलात पोरावर."

मी भिंग खाली ठेवले.

हे कसे घडले, मला आजही ठाऊक नाही. त्या संध्याकाळी विक्रेत्याविरुद्धची फाइल काढून मी शेवटच्या पत्राखाली लिहिले — 'दोष दूर झाला, तक्रार मागे.' सही केली. 'दोष कोणी दूर केला' एवढे लिहायला पेन टेकवले... आणि मालतीला हुंदके ऐकू जाऊ नयेत म्हणून न्हाणीघरात नळ सोडून बसलो.