दृष्ट माझी, ठसका गल्लीचा

पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी वेडा झालो नाही, याचं सगळं श्रेय मलकापूरच्या नसीम चाचीला. (थोडा झालो होतो, पण तो वेडेपणा आधीचाच शिल्लक होता.)

मी मूळचा बीबी गावचा. आठवीत शाळा सोडली आणि मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगवर कामाला लागलो. माय आणि बायको गावात, मी इकडं एका खोलीत. मग जिनिंग बंद पडलं, एसटी बंद पडली, आणि माझं डोकं मात्र तिन्ही पाळ्यांत चालू झालं! तासातासाला कपाळाला हात लावून बघायचो. गरम लागलं की भ्यायचो, थंड लागलं की जास्तच भ्यायचो.

समोरच्या दारात नसीम चाची मशीनवर मास्क शिवायची. रोज दहाला गल्लीपलीकडून हाक यायची, "क्या रे परकास, झोपला का? खरं सांग बे!" खरं सांगितलं की मास्कच्या नाड्या कापायला द्यायची. खोटं सांगितलं की दुप्पट द्यायची. हात चालू असले की डोकं जरा गप बसायचं.

एका सकाळी मी तेच खरं चुकून मायला सांगितलं. माय व्हिडिओ कॉलवर होती, म्हणजे मला तिचा एक कान दिसत होता.

"माय, झोप येत नाही. छातीत धडधड होते."

"दृष्ट लागली तुले! म्हनलं होतं, नव्या शर्टाचा फोटो पाठवू नको."

"अवं, लॉकडाऊनमंदी मले कोन पाह्यते?"

"मोबाइलमदून पाह्यतेत ना!"

तिनं तिकडं मीठ-मिरच्या मोबाइलवरूनच ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मग तिलाच शंका आली. "दृष्ट तिकडं आन् जाळ इकडं, उतरन कशी? तू बी जाळ. सात मिरच्या, मोजून."

आमच्याकडचा नियम साधा आहे. मिरच्या जाळून ठसका लागला नाही, तर दृष्ट नक्की. लागला, तर माणूस ठणठणीत.

मी गॅसवर तवा तापवला, मिरच्या टाकल्या आणि वाट बघत बसलो. लागेल ना ठसका? माझी खिडकी मी कोरोनाच्या भीतीनं महिनाभर उघडलीच नव्हती, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

ठसका लागला! असा लागला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. आणि फोनमधून माय आनंदानं ओरडतेय, "खोकलला वं, खोकलला! माह्यं लेकरू चांगलं हाये!" त्या वर्षी पोराच्या खोकल्यानं खूश झालेली ती एकटीच आई असावी.

गल्लीचं मत वेगळं पडलं. खिडक्या धडाधड बंद झाल्या. कोणीतरी फोन लावला, आणि मी अजून खोकतोच आहे तोवर दारात अॅम्ब्युलन्स! मी दार उघडलं.

"दादा, कधीपासून हाये खोकला?" अॅम्ब्युलन्ससोबत आलेल्या आरोग्य खात्याच्या आशाताईंनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. बाहेर फक्त खोकला आला. त्यामागोमाग धूर आला, आणि ताईही खोकायला लागल्या. ड्रायव्हर दोन पावलं मागं सरला. "ताई, तुमाले बी?" एवढं म्हणून तोही खोकला!

"अजून खोकल बाबू, चांगलं असते!" आतून माय.

"आत अजून कोन हाये?" ड्रायव्हर दचकला. "दोघाईले न्या लागन कोविड सेंटरला!"

तिथं एकटं पडून राहायचं. नाड्या नाहीत, कोणाची हाक नाही. आजारानं नाही, पण भीतीनं मी तिथं नक्की संपलो असतो.

तेवढ्यात चाची मशीन सोडून आली. एकदा हवा हुंगली. "या अल्ला, ये तो मिरची है!" सरळ आत गेली, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि फडक्यात धरून तवाच बाहेर आणला. "हा घ्या याचा कोरोना. सात हायेत, मोजून घ्या."

ताईंनी लांबून मोजल्या. मग माझा ताप पाहिला, बोटाला यंत्र लावलं. सगळं ठीक.

"पन मिरच्या काऊन जाळून राह्यले भाऊ?" ड्रायव्हर.

"झोप येत नाही म्हणून."

मला वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. ताई पायरीवर टेकल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मले बी नाही येत, दादा. महिना झाला." ड्रायव्हरनंही मान हलवली.

चाचीनं तिघांकडं बघितलं. "मग उद्यापासून तुमी बी येत जा. दूर दूर बसा, मनातलं बोला. नाड्या लई पडल्यात."

दुसऱ्या दिवशी दोघंही आले. दहा मिनिटंच बसले, पण आले. मी उघड्या खिडकीखाली दुपारभर झोपलो.

चाचीचं हे ऋण मी फेडणार आहे, हे इथं लिहून देतो. तिच्या मनावर कधी असा भार आला, तर मी कामधंदा सोडून तिच्या दाराशी बसेन. फक्त तशी वेळ तिच्यावर येऊ नये, या काळजीनं सध्या पुन्हा माझीच झोप उडाली आहे!