रेडिओ बंद होतो ती जागा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वनरक्षकांना सगळी गल्ली 'रेडिओ' म्हणते, आणि त्यावर त्यांच्या बायकोनेही कधी हरकत घेतलेली नाही. हा माणूस जिना चढताना कठड्याशी बोलतो. दाढी करताना आरशाशी बोलतो, आणि आरसा नीट उत्तर देत नाही म्हणून बायकोला हाक मारतो. राखीव जंगलात सव्वीस वर्षं नोकरी करून त्यांना जवळून प्राणी दिसले ते एकाच ठिकाणी. बाकीच्या जंगलातल्या प्राण्यांना कान आहेत, ते काय करणार!

ते एक ठिकाण म्हणजे झरा. झऱ्याच्या वाटेवर दोन उभे दगड आहेत. तिथून पुढे पाण्यापर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, ही आसपासच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. चुकून बोललात, तर दगडांपर्यंत मागे जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागायचं. रेडिओच्या सासूबाई, नवरा गेल्यापासून, दर आठवड्याला तिथे जातात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, पाणी एवढ्या खालून वर येतं ते काहीतरी सांगायलाच ना? मग समोरचा बोलत असताना आपण गप्प बसावं. जावईबापूंना हे जगात फक्त तिथेच जमतं."

यंदा जंगलाचा दहा वर्षांचा नवा आराखडा झाला. कचेरीतल्या नकाशावर झऱ्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल आला. कुंपण, फाटक, प्रवेश बंद. लोखंडी खांब आवारात येऊन पडले, आणि फाटकाचं कुलूप किल्लीसकट रेडिओच्या हातात पडलं.

"साहेब, तिथे पाणमांजरं आहेत. पिल्लांसकट," रेडिओ म्हणाले. "लोक गप्प असतात म्हणून तर टिकलीत."

"पाहणीत एकही दिसलं नाही."

"पाहणीला आठ माणसं गेली होती, आणि आठही बोलत होती."

साहेब हसले. "रेडिओ, तुमच्या बातम्या मी हवामानाच्या अंदाजासारख्या ऐकतो. आणि श्रद्धेला या तक्त्यात रकानाच नाही हो. झाडं आहेत, पाणी आहे, प्राणी आहेत."

"आणि माणसं?"

"ती 'उपद्रव' या सदरात."

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी उपद्रव?"

"आई, तो तू घरात," आतून लेकीचा आवाज आला. "जंगलात नाहीस."

एरवी एवढ्या भांडवलावर रेडिओने अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला असता. त्या दिवशी त्यांनी खिशातून फाटकाची किल्ली काढून शेंगांशेजारी ठेवली.

"मी गेले तर मला फाटकावर अडवणार कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी."

सासूबाईंनी दोन शेंगा आणखी सोलल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना एकदा घेऊन या. माझ्याबरोबर चालू देत."

साहेब आले. आराखडा करणाऱ्या तज्ज्ञ बाईही आल्या. सासूबाई पुढे, रेडिओ मागे. दगड ओलांडून दहा पावलं झाली नाहीत तोच साहेबांनी विचारलं, "किती लांब आहे?"

सासूबाई वळल्या आणि त्यांनी बोट मागे केलं. साहेबांनी मदतीसाठी रेडिओकडे पाहिलं. रेडिओ ओठ घट्ट मिटून मागे निघालेसुद्धा होते.

दुसऱ्या खेपेला साहेबांचा फोन वाजला आणि ते सवयीने म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे." बोट मागे. तिसऱ्या खेपेला तज्ज्ञ बाईंचा पाय घसरला आणि "आई गं!" निघून गेलं. सासूबाईंनी त्यांना हात देऊन उठवलं, घोटा मायेने चोळून दिला, आणि मग दगडांकडे बोट दाखवलं.

चौथ्या खेपेला मात्र चौघंही पाण्यापर्यंत पोचली. बसली. आधी नुसता पाण्याचा बारीक आवाज. मग पलीकडच्या मुळांमधून एक ओलं, मिशाळ डोकं वर आलं. त्यामागे दोन पिल्लं, चिवचिवत, एकमेकांच्या शेपट्या ओढत. त्यातलं एक थेट साहेबांच्या बुटापर्यंत आलं, बूट हुंगला, पसंत पडला नाही, परत गेलं. साहेबांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. तज्ज्ञ बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते घोट्यामुळे नव्हतं.

परतताना साहेबांनी दोन्ही दगड मागे पडू दिले. मग हळूच म्हणाले, "रेडिओ, बातमी खरी होती."

त्याच आठवड्यात नकाशावरचा लाल गोल साहेबांनी स्वतः खोडरबराने पुसला. तक्त्यात एक नवा रकाना आला, 'लोकांची रीत', आणि त्यात तज्ज्ञ बाईंनी लिहिलं, 'या जागेची राखण आधीपासून चालू आहे. तीच पुढे चालू ठेवावी.' खांब रोपवाटिकेतल्या वेलींना मिळाले. कुलूप रेडिओने घरी आणून खाऊच्या डब्यांच्या कपाटाला लावलं, आणि ही सगळी हकिगत गल्लीला अकरा वेळा ऐकवली. अकराही वेळा आम्ही टाळ्या वाजवल्या.

सासूबाई आता जंगलाच्या सल्लागार समितीवर आहेत. पहिल्याच बैठकीत त्या झऱ्याबद्दल सांगत असताना साहेब मध्येच काहीतरी बोलले. सासूबाई थांबल्या आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. साहेब निमूटपणे उठले, बाहेर गेले, आणि दारातून पुन्हा पहिल्यापासून आत आले.