कोळशाच्या कांडीवरचा काळा थर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. बसवत नाही; उठतो, येरझाऱ्या घालतो, पुन्हा लिहायला बसतो.

महाराजांची कारकीर्द होती. मी कोल्हापुरात कॉलेजात रसायन शिकवायचो. एका वेडानं मला झपाटलं होतं — पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा, आणि तोच वायू प्राणवायूशी पुन्हा जोडून वीज परत मिळवायची. कोळसा न जाळता! दोन्ही कामांना प्लॅटिनम लागायचं, आणि माझ्याकडे होतं चिमूटभर. मार्ग काढला मंगळवार पेठेतल्या हुसेनभाईंनी. मुलामा देण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. ती चिमूट आम्लात विरघळवून त्यांनी कोळशाच्या दोन कांड्यांवर काळा, मऊ थर चढवला. वीज मोजायच्या यंत्राचा काटा पहिल्यांदा हलला, तेव्हा आम्ही दोघं नुसते हसत सुटलो.

मग दरबारची मंडळी प्रयोग बघायला आली. काटा — हललाच नाही.

का? मला तिथंच कळलं होतं. आदल्या दिवशी कांड्या मी ज्या कपाटात ठेवल्या, तिथं सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या गंधकाच्या वायूचं भांडं उघडं राहिलं होतं. गंधक प्लॅटिनमला निकामी करतं. वर्गात हे मीच शिकवायचो. पण एवढ्या लोकांसमोर कबूल करायचं? — मी म्हणालो, कारागिरानं धातूत भेसळ केली असावी.

हुसेनभाई दाराशीच उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्याम्होरंच केलतं की सगळं. मी भेसळ केली व्हय?"

मी यंत्राच्या तारा सोडवू लागलो.

आठवड्याभरात कांड्या तीव्र आम्लात उकळून धुतल्या. काटा हलला. तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही? तोवर सराफांनी त्यांना काम देणं थांबवलं होतं. महिन्यात ते बिऱ्हाड घेऊन आजऱ्याला गेले.

चार वर्षांनी आजऱ्याच्या बाजारात दिसले, भांड्यांना कल्हई करताना. मी वाट बदलणार, तोच त्यांनी हाक मारली. बसायला पोतं टाकलं, गूळपाणी दिलं. मग विचारलं, त्या कांड्यांचं पुढं काय झालं? त्यांना अजून वाटत होतं, आपल्याच हातून काही चुकलं — थर पातळ बसला असेल, आम्ल जास्त झालं असेल.

मी म्हणालो, टाकून दिल्या.

आदल्याच आठवड्यात त्या मी वर्गात चालवून दाखवल्या होत्या — मी स्वतःच्या हातानं केलेलं काम म्हणून.