मिलिंदची पश्चिम

मिलिंद वानखेडे गेल्याचा फोन ऑगस्टमधल्या एका सकाळी आला, पण तो जाणार हे मला जवळपास महिनाभर आधीच कळलं होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं नव्हतं, सुजातावहिनींनी सांगितलं नव्हतं. त्यानंच सांगितलं, आणि तेही मरणाबद्दल चकार शब्द न काढता. लंडनजवळ वॉटफर्डच्या त्याच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला होता, त्यावर तो उशांना टेकून बसला होता. मी नेहमीप्रमाणे दारातूनच तोफ डागली, की पश्चिम डिव्हिजनमध्ये कधीच दम नव्हता. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं, अव्या. पूर्वच भारी होती."

मला ओळखणारे लोक माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून घेतात, आणि ते योग्यच करतात. ह्या वाक्यातून मात्र काही वजा करू नका. तो एवढंच म्हणाला, आणि मी भिजका रेनकोट न काढता समोरच्या खुर्चीत बसलो. गेली वीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी घसा फोडत होतो, ते वाक्य माझ्या पदरात पडलं होतं आणि मला ते कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

आता हे पूर्व-पश्चिम काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. आम्ही दोघंही तरुणपणी एमएस करायला अमेरिकेच्या दक्षिणेत होतो. तिथे कॉलेज फुटबॉल नावाचा एक धर्म आहे. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि दुसऱ्यांनी अंगावर पडायचं, पायाचा संबंध अधूनमधूनच. विद्यापीठांचे संघ खेळतात आणि सामन्याची तारीख बघून लोक लग्नाचे मुहूर्त काढतात. आमच्या विद्यापीठाचं स्टेडियम एवढं, की त्यात अख्खा सातारा माणसांसकट, म्हशींसकट मावला असता आणि वर दोन-चार रांगा पाहुण्यांसाठी उरल्या असत्या. त्याचं आणि माझं विद्यापीठ एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकाच मोठ्या स्पर्धेत होतं, पण त्या स्पर्धेच्या दोन डिव्हिजन होत्या. त्याचं विद्यापीठ पश्चिमेत, माझं पूर्वेत. सीझनच्या शेवटी दोन्हीकडचे विजेते फायनलला भिडायचे. त्यातली ताकदवान डिव्हिजन कुठली, ह्यावर तिकडे सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. गंमत अशी, की मिलिंद नागपूरचा आणि मी पुण्याचा. म्हणजे पूर्वेच्या माणसानं जन्मभर पश्चिमेची बाजू लढवली आणि पश्चिमेच्या माणसानं पूर्वेची, आणि ह्यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

अमेरिकेत आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो. भेटलो ते पुढे दोघंही लंडनला आल्यावर, वेम्बलीत, ईलिंग रोडवरच्या एका भाजीवाल्याच्या दुकानात. पुढ्यात एक उंच, सावळा माणूस भेंड्या निवडत होता आणि त्याच्या डोक्यावर पश्चिमेतल्या एका विद्यापीठाची टोपी होती. लंडनमध्ये आपलं मराठी कोणाला कळतंय, अशा गोड समजुतीत मी पुटपुटलो, की पश्चिमेची टोपी घालून हिंडायला हिंमत लागते. त्यानं मान वर केली नाही. एका भेंडीचं टोक कटकन मोडून तो म्हणाला, "हिंमत पूर्वेची घालायला लागते, राजा. पश्चिमेची घालायला नुसतं डोकं लागते." त्यानंतर आम्ही तिथे इतका वेळ भांडलो, की टोपलीतल्या भेंड्या जून झाल्या, दुकानदाराच्या मुलाचं लग्न झालं आणि त्याला नातू झाला. बरं, एवढं नाही. पण दुकानदारानं आम्हाला फुटपाथवर काढलं हे खरं, आणि फुटपाथवरही मिलिंदचं बोलणं चालूच होतं हे त्याहून खरं.

तेव्हापासून सीझनमधला प्रत्येक शनिवार वॉटफर्डला. तिकडचा दुपारी बाराचा सामना इकडे लंडनला संध्याकाळी पाचला सुरू होतो, म्हणजे देवानं किंवा कोणीतरी खास चहाची वेळ बघून तो ठेवलेला. मी हॅरोहून ट्रेननं जायचो. वहिनी तर्री-पोहे करायच्या, आणि ती तर्री अशी, की पहिल्या घासाला मला माझे दिवंगत आजोबा दिसायचे. त्याचं म्हणणं, पश्चिमेतला पाचव्या नंबरचा संघसुद्धा पूर्वेत पहिला आला असता. माझं म्हणणं, फायनलला एकच संघ मैदानात उतरतो, अख्खी डिव्हिजन हातात हात घालून उतरत नाही. सामना कोणाचाही असो, समोर कोणीही पडो-धडपडो, आमचं हे चालू. वहिनी फार्मसिस्ट. आठवडाभर कटकट्या गिऱ्हाइकांना तोंड देऊन शनिवारी त्यांच्या नशिबी आम्ही. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत काहीतरी विणत बसायच्या आणि आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवायच्या. मला तरी तेव्हा ते दाखवणं वाटलं नाही, खरंच लक्ष नाही असंच वाटायचं.

एकदा आम्ही पंच शोधायचं ठरवलं. वेम्बलीच्या स्टेडियममध्ये अमेरिकन व्यावसायिक संघांचा सामना होता. आम्ही आपापल्या विद्यापीठाच्या जर्सी घालून ट्यूबनं निघालो, दोघांच्याही पोटावर त्या ताणलेल्या, जणू दोन गाद्यांना अभ्रे चढवलेत. रांगेत पुढे एक अस्सल अमेरिकन सापडला, बोलण्यावरून दक्षिणेतला. मिलिंदनं त्याला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. माझी बाजूही त्यानंच सांगितली, आणि खरं सांगतो, मी सांगतो त्याहून चांगली सांगितली. तो माणूस सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, की सॉरी, मी बेसबॉल बघतो. मिलिंदला त्याची इतकी दया आली, की पिशवीतला चिवडा काढून त्यानं त्याच्या ओंजळीत ओतला.

हा त्याचा स्वभाव. बुद्धविहारात नवीन आलेल्या मुलांना तो घर मिळवून द्यायचा, कौन्सिलची पत्रं वाचून दाखवायचा, एप्रिलच्या जयंतीला स्वयंपाकघरात उभा राहून शेकडो लोकांच्या ताटांची काळजी घ्यायचा. पण मतभेद असेल तर तोंडावर सांगायचा. समोरच्याला खोडून काढणं हा त्याला आदर वाटायचा. "ज्याला मी काही समजत नाही, त्याच्याशी मी भांडून काऊन वेळ घालवू?" असं त्यानं मला एकदा विचारलं होतं. पुण्यात आम्ही ज्याला काही समजत नाही त्याच्याशीच भांडतो, असं मी त्याला सांगितलं. तो हसून सोफ्यावरून खाली घसरला.

काही वर्षांपूर्वी त्या कॉन्फरन्सनं नवे संघ घेतले आणि दोन्ही डिव्हिजन बंद करून टाकल्या. सगळे एकाच तक्त्यात. पूर्व नाही, पश्चिम नाही. मी सुतकी आवाजात मिलिंदला फोन केला. तो भलताच खुशीत होता. म्हणाला, "बरं झालं ना बे. आता निकाल लागूच शकत नाही. मरेपर्यंतची सोय झाली."

ह्या वर्षी वसंतात त्याचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. अशा आजारात घरी माणसं फार येतात, आणि येणारा प्रत्येक जण आजाऱ्याच्या हो ला हो करतो. ऑफिसातले यायचे, विहारातले यायचे, पुण्या-मुंबईचे आयटीवाले यायचे, सगळे मऊ आवाजात. मिलिंद एकदा वैतागून मला म्हणाला, "काल मी म्हटलं, वॉटफर्ड हे जगातलं सगळ्यात सुंदर शहर आहे. तिघांनी माना हलवल्या, राजा. तिघांनी." मी त्याला तिथल्या तिथे शब्द दिला, की मी तुझ्याशी कध्धी सहमत होणार नाही, तू सूर्य पूर्वेला उगवतो म्हणालास तरी नाही. त्याला ते फार बरं वाटलं. केमोच्या खुर्चीत हाताला नळी असताना आम्ही पश्चिमेच्या बचावफळीवरून असे भांडलो, की नर्सबाई पडदा सरकवून बघून गेल्या. तेव्हा माझी अशी पक्की समजूत झाली, की भांडण चालू आहे तोवर हा माणूस जाऊ शकत नाही. वादाच्या मध्यावर उठून जाणाऱ्यांतला तो नव्हताच. हे मूर्खपणाचं आहे, मला माहीत आहे. पण तुमच्याकडे दुसरं औषध नसलं, की तुम्हीही हेच कराल.

आणि मग जुलैत तो म्हणाला, पूर्वच भारी होती.

त्यानंतर मी शनिवारची वाट बघणं सोडलं. मिळेल त्या दिवशी जायचो आणि त्याला डिवचायचो. त्याच्या विद्यापीठाच्या बँडला मी लग्नातला बँड म्हटलं. त्यांच्या कोचला रिक्षा चालवता येणार नाही म्हटलं. नागपूरच्या संत्र्यांपेक्षा स्पेनची चांगली, इथपर्यंत मी खाली उतरलो. तो नुसता हसायचा, तेही डोळ्यांनी. त्याची मुलगी मैत्रेयी कार्डिफला शिकते, ती घरी आली होती. तिनं मला दाराशी गाठलं. इथे जन्मलेली पोर, तिचं मराठी वाटेत धडपडतं, पण त्या दिवशी एक शब्द चुकीचा वाटला नाही. "काका, प्लीज भांडा ना बाबाशी. सगळे त्याच्याशी खूप नाइस बोलते. मला भीती वाटतो."

मग मी आयुष्यातली सगळ्यात लबाड चाल खेळलो. खुर्ची पलंगाला भिडवली आणि म्हणालो, की मिल्या, मी विचार केला, पश्चिमच भारी होती. मला वाटलं, आता तरी हा मला खोडून काढेल. निदान सवयीनं. त्यानं डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाला, "तेही बरोबर आहे."

माझं तोंड बंद पडलेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्यानं चादरीवरून हात सरकवत माझं मनगट धरलं. हात अगदी हलका झाला होता, पाखरू बसल्यासारखा. म्हणाला, "थकलो बे, अव्या. तू जिंक ना एकदाचा."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

अंत्यविधीला पांढऱ्या कपड्यांत सगळे जमले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मैत्रेयीनं न अडखळता म्हटलं. नंतर हॉलमध्ये त्याच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या आणि लोक बोलले. चांगलंच बोलले. ऑफिसातला एक जण म्हणाला, की मिलिंद कधीच कोणाशी वाद घालत नसे, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं. बोलणाऱ्यांत माझंही नाव होतं. बस स्टॉपवर अनोळखी माणसाला तासभर थांबवू शकणारा मी फोटोपुढे उभा राहिलो, आणि परत येऊन जागेवर बसलो. काय बोलणार होतो? वाद जिंकलेल्या माणसाकडे सांगायला काही उरत नाही.

सीझनच्या पहिल्या शनिवारी मी जायचं नाही असं ठरवलं होतं. पाय मात्र स्टेशनकडे गेले आणि पाच वाजायच्या सुमाराला मी त्याच्या दारात होतो. वहिनींनी दार उघडलं. काऊन आलात, असं त्यांनी विचारलं नाही. पुढच्या खोलीत टीव्ही लावलेला होता, त्यांनी स्वतः चॅनेल शोधून लावलेला. हॉस्पिटलचा पलंग परत गेला होता, गालिच्यावर त्याच्या चार पायांचे खड्डे तेवढे उरले होते. बाहेर अजून ऊन होतं. पडद्यावर नेमका त्याच्या विद्यापीठाचा संघ. आम्ही दोघं बसून बघत राहिलो. वहिनींच्या हातात विणकाम नव्हतं.

खोलीत एकट्या समालोचकाचा आवाज मला सहन होईना. मी त्या चार खड्ड्यांकडे बघत म्हणालो, की काही म्हणा, पश्चिमेत कधीच दम नव्हता.

"तुमचा पायाच चुकीचा आहे," वहिनी म्हणाल्या.

मी मान वर केली. त्या टीव्हीकडेच बघत होत्या.

"पश्चिमेत सगळेच तगडे. म्हणून ते एकमेकांना हरवतात, म्हणून त्यांच्या नावावर हारी दिसतात. तुमच्या पूर्वेत धड संघ एक, बाकीचे त्याच्यापुढे आडवे व्हायला उभे. मग त्याचा तक्ता सुंदर नाही दिसणार तं काय होईन? हारी मोजू नका, अविनाशभाऊ. कोणाकडून हरला, ते मोजा. अन् राहिली तुमची फायनल..."

त्या थांबल्या. शब्द न् शब्द त्याचा होता, मध्ये हात उडवायची ढबही त्याचीच. मी वाट बघत होतो. त्या माझ्याकडे वळल्या.

"पुढचं मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत आलं की मी चहा टाकायला उठायची."

मला माहीत होतं. इतकी वर्षं ते मलाच तर ऐकवलं जात होतं. आणि त्या खोलीत आता ते माहीत असलेला मी एकटाच होतो. मी सुरुवात केली. म्हणालो, की फायनलला एकच संघ उतरतो हे कबूल. पण तो एकटा उतरतो असं कोण म्हणतं? सीझनभर ज्यांनी त्याला पाडलं, उठवलं, पुन्हा पाडलं, त्या सगळ्यांनी त्याला धार लावलेली असते. ज्याच्या शेजारी कोणी तोडीचा नाही, तो जिंकला तरी त्याला स्वतःची ताकद कळत नाही. ज्याला तगडा शेजारी मिळाला, तोच तगडा झाला...

इथे मिलिंद नेहमी माझ्याकडे बोट करायचा. मी बोट कोणाकडे करणार? हात मांडीवरच ठेवला आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत म्हटलं, एकदाही न खोडता. वहिनी चहा टाकायला उठल्या नाहीत.