चादरकिंगचा एकमेव नऊ

माझ्या लग्नाला सत्या अण्णांनी दहापैकी पाच मार्क दिले होते. तेही भर मांडवात. आहेराचं पाकीट माझ्या हातात ठेवून ते कानाशी वाकले आणि म्हणाले, "जेवण सहा, बँड तीन, नवरी सहा. तू कमी पडलास बे मास्तर. एकूण पाच." मग पुन्हा पंगतीत जाऊन बसले, कारण सहाचं जेवण अर्धवट सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पुढे कधीतरी मी हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, पाच जरा जास्तच झाले.

नवी पेठेत आमची दुकानं शेजारी शेजारी. मधली भिंत एकच. माझं वह्या-पुस्तकांचं, त्यांचं शाळेच्या गणवेशांचं. मी वह्या विकतो एवढ्यावरून त्यांनी मला मास्तर करून टाकलं आणि मग बाजारानंही तेच उचललं. अण्णांचं पूर्ण नाव सत्यनारायण. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, समोर रफिक टेलर असला की दखनी आणि कॉम्प्युटरपुढे बसले की इंग्रजी. शिव्या मात्र चारही भाषांच्या मिसळून द्यायचे, त्यामुळे ज्याला दिली त्याला ती अर्धीच लागायची.

मार्क द्यायची ही खोड त्यांना लागली एका वेबसाईटमुळे. व्हिडिओ गेमची साईट होती ती. इंग्रजीत, पण चालवणारे आपल्याच देशातले आणि वाचणारेही. अण्णा तरुणपणी नेट कॅफेत जाऊन ती वाचायचे. पुढे दुकानात कॉम्प्युटर आला तो हिशेबासाठी, असं बायकोला, म्हणजे पद्मावहिनींना, सांगून. निळ्या चड्ड्यांच्या गठ्ठ्यामागे तो ठेवलेला असायचा. जून महिना सोडला तर उरलेलं वर्ष अण्णा त्या गठ्ठ्यामागेच सापडायचे. साईटवर त्यांचं नाव चादरकिंग. चादरीचा आणि त्यांचा संबंध अंथरुणापुरताच, पण "सोलापूरचं नाव निघालं पाहिजे की," असं त्यांचं म्हणणं. तिथं कुणीही गेमला शून्य ते दहा मार्क देऊ शकायचं. चादरकिंगचा हात असा आखडता की सहा मिळाले तर गेम धन्य. सातावर त्यांनी कधी कुणाला चढू दिलं नाही. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हालासुद्धा ते सहाच द्यायचे.

"अण्णा, एखाद्याला दहा द्या की," मी म्हणायचो.

"दहा दिले तर उद्या कुणाला काय देऊ?" ते म्हणायचे. "दहा म्हणजे दुकान बंद करून घरी जायचं बे."

मी त्यांना ओळखू लागलो तोवर साईट बिघडायला लागली होती. निदान त्यांच्या मते तरी. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं गेली आणि सगळं पांढरंशुभ्र झालं, त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा परत पाठवला. "दवाखाना केलाय दवाखाना," म्हणाले. मग साईट कुठल्याशा कंपनीनं विकत घेतली आणि रोज काहीतरी नवीन सुरू झालं. पान उघडलं की आपोआप व्हिडिओ किंचाळायचा. एकदा एक बाई पोरीचा फ्रॉक मापत उभी होती, तेवढ्यात चड्ड्यांच्या गठ्ठ्यामागून बंदुका सुटल्या आणि ती पोरीला घेऊन थेट रस्त्यावर. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. कुकीजवर तर त्यांचा विशेष राग होता. "रोज विचारतंय, घेणार का, घेणार का. काल न्हाई म्हटलं की. सोयरीक जमवायलास काय माझ्याशी?"

पुढे साईटवरचे लेख मशीन लिहायला लागलं. अण्णांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावून घेतलं. "वाच हे. घोड्यावरून उतरायचं कसं, ते लिहिलंय ह्यानं. गेम कशाची हाय? पाणबुडीची. पाण्याखाली घोडा कुठनं आणला बे ह्यानं?" मी म्हटलं, अण्णा, मग सोडा की ती साईट, दुसऱ्या कमी आहेत काय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूटपणे दुकानात येऊन पेनं मोजायला लागलो.

ती न सोडण्याचं कारण होतं लांडगा. लोनवुल्फ नावाचा एक गडी अण्णांशी त्या साईटवर वर्षानुवर्षं भांडत होता. भांडण मुळात एका मोटार शर्यतीच्या गेमवरून. लांडग्यानं तिला नऊ दिले होते आणि अण्णांनी दोन. अण्णांचा मुद्दा असा की त्या गेममधल्या गाडीला वजनच नाही, भिंतीवर आपटली तरी हसत बाहेर येते. लांडग्याचा मुद्दा असा की तुला गाडी चालवता येत नाही. हे खरंच होतं. अण्णांची स्कूटरसुद्धा वहिनी चालवायच्या आणि अण्णा मागे बसून रस्त्याला मार्क द्यायचे. या एका भांडणातून पुढे शंभर फुटली. रोज सकाळी दुकानात उदबत्ती लावून झाली की अण्णा बघायचे लांडगा काय बरळलाय ते, आणि मग सुखानं उत्तर लिहायला बसायचे.

"सवत आणली असती तर निदान भाकरी थापायला कामाला आली असती," वहिनी म्हणायच्या. "हे कुठनं लांडगा घेऊन आलेत."

पण अण्णांचे वडील गेले तेव्हा त्याच लांडग्यानं लिहिलं होतं, "तू हवे तेवढे दिवस घे. मी थांबतो. आलास की तुझं कसं चुकतंय ते सांगतो." हे मला अण्णांनी स्वतः वाचून दाखवलं. वाचताना घसा दोनदा खाकरला आणि उदबत्तीचा धूर लागला म्हणाले.

मग एक दिवस अण्णांनी चहाला मार्कच दिले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. वहिनी माझ्या दुकानात आल्या. "मास्तर, तुम्ही विचारा. काल पुलिहोरा केला, चिंचेचा भात. गुपचूप खाल्ला ह्यांनी. मला भीती वाटायलीय." मी गेलो. गठ्ठ्यामागे अण्णा पडद्याकडे बघत नुसते बसले होते. कंपनीनं जाहीर केलं होतं की महिनाअखेरीला वाचकांच्या कमेंटी बंद, जुन्याही पुसून टाकणार. मार्कांची पद्धतही बंद, आता फक्त अंगठा वर किंवा खाली. आजवर दिलेले मार्क तेवढे आहेत तसे राहतील, पण कुणाला बदलता येणार नाहीत.

"अंगठा," अण्णा म्हणाले. "अंगठेबहाद्दर समजलेत आमाला." मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "मास्तर, लांडगा जाईल की बे."

त्यांच्याकडे त्या माणसाचा फोन नंबर नव्हता. गाव माहीत नव्हतं. खरं नावही माहीत नव्हतं.

"एवढ्या वर्षांत विचारलं नाहीत?"

"भांडणाऱ्याचा नंबर कोण मागतंय? मागितला की भांडण संपलं."

"मग आता टाका की तुमचा नंबर तिथं."

टाकला होता. आकड्यांत टाकला तर मशीननं क्षणात उडवला. अक्षरांत लिहिला तरी उडवला. दुकानाचं नाव लिहिलं तर जाहिरात म्हणून उडवलं, आणि वर ताकीद दिली की पुन्हा असं केलं तर खातंच बंद. एकमेकांना खाजगी निरोप पाठवायची सोय पूर्वी होती, ती आधीच काढून टाकलेली. फेसबुकवर लोनवुल्फ शोधले तर लांडग्यांचे कळपच्या कळप निघाले. अण्णा हे सगळं मला अगदी शांतपणे सांगत होते, आणि त्यांचं शांत असणं मला बघवेना. मी गेममधलं काही जाणत नाही, पण माणूस जीवाला लावून घेतो म्हणजे काय हे समजायला गेम यावी लागत नाही.

युक्ती त्यांनाच सुचली. चहा पिता पिता एकदम म्हणाले, "तीन. पाणचट हाय." आणि कप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, मार्क कोण उडवत न्हाई की. दहा गेम घ्यायच्या. दहा मार्क द्यायचे. मोबाईल नंबर दहाच आकडी असतोय."

मी म्हटलं, अण्णा, तुम्ही थोर आहात. मग त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या नंबरात बाकी सगळे आकडे गरीब होते, सहाच्या आतले. पण पहिलाच आकडा नऊ होता.

"नऊ द्यायच्या लायकीची गेम जन्मली न्हाई अजून," ते म्हणाले आणि तडक उठून मोबाईलच्या दुकानात गेले. मी मागोमाग. तिथल्या माणसाला म्हणाले, "सहापासून सुरू होणारा नंबर दे. पुढचे आकडे त्याच्याहून लहान पाहिजेत." त्या बिचाऱ्याकडे लोक जादा पैसे मोजून चार-चार नऊ मागायला येत. त्यानं विचारलं, काका, ज्योतिषानं सांगितलंय का. अण्णा म्हणाले, "तत्त्वानं सांगितलंय."

सिमकार्ड घेऊन आम्ही विजयी वीरांसारखे परतलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला शर्ट घडी घालत म्हणाल्या, "तुम्ही रोज दोन-चार मार्क देता. पुन्हा दोन-चारच दिले तर त्याला कळायचं कसं?"

हे आमच्या दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नऊ दिला तरच तो दचकणार," वहिनी म्हणाल्या. "आणि तोही त्या मोटारीच्या गेमला."

अण्णांनी दोन दिवस वहिनींशी अबोला धरला. शेवटच्या दिवशी दुपारी भिंतीवर थाप पडली. गेलो तर ते घामानं डबडबलेले. "तू बटण दाब बे मास्तर. माझ्यानं होईना." मी म्हटलं, मी दाबला तर तो तुमचा नऊ होणार नाही. मग त्यांनी डोळे मिटले, काहीतरी तेलुगूत पुटपुटले आणि दाबलं. मोटारीच्या गेमच्या दोनाचे नऊ झाले. जुन्या नंबरातले उरलेले नऊ आकडे त्यांनी पुढच्या नऊ गेमना भराभरा टाकले. मग मागे टेकून बसले आणि म्हणाले, "अब्रू गेली."

पान पुन्हा उघडून बघितलं तेव्हा खरी अब्रू गेली. ज्याच्या त्याच्या नावाखालच्या यादीत साईट शेवटी दिलेला मार्क सगळ्यात वर दाखवायची. सगळा नंबर उलटा उभा होता, नऊ तळाला. इतकी वर्षं रोज तीच यादी बघणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. दुरुस्त करायला जावं तर साईटनं कळवलं की आज तुमचे मार्क द्यायचे संपले, उद्या या. उद्या काही नव्हतंच.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. अण्णा फोन उशाशी घेऊन झोपायचे, आंघोळीला जाताना वहिनींच्या हातात देऊन जायचे. कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे फोन आले की त्या पोरींना इतक्या आशेनं "हॅलो" म्हणायचे की मलाच कसंतरी व्हायचं. मग एका सकाळी दुकान उघडत असताना फोन वाजला. अण्णांनी स्पीकरवर टाकला. पलीकडून एक भरदार आवाज हिंदीत म्हणाला, "चादरकिंग? तब्येत ठीक है न? आपने उस गेम को नौ दे दिया, मैं तो डर गया."

अण्णांनी हातातली कुलपं खाली ठेवली. मग म्हणाले, "नंबर समजने को इत्ते दिन लगे क्या?"

"उल्टा लिखा था आपने."

"सीधा आदमी उल्टा भी पढ़ लेता. और सुनो, वो गेम दो का ही है."

लांडगा जबलपूरचा निघाला. नाव प्रदीपजी, धंदा मोटार शिकवण्याचा. हे ऐकून अण्णांना कोण आनंद. "तरीच. तरीच त्याला ती गेम आवडली. ह्याच्या गाडीत शिकलेले पण भिंतीवरच आपटत असणार." तेव्हापासून दर रविवारी दुपारी बाजार बंद असताना दोघं तासभर भांडायचे. मी झोपायला म्हणून दुकानात थांबायचो आणि भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एक दुःख तेवढं अण्णांना कायम राहिलं. तो नऊ त्यांच्या नावावर तसाच होता आणि बदलता येत नव्हता. "मी मेल्यावर लोक बघतील बे," म्हणायचे. "म्हणतील, चादरकिंग शेवटी विकला गेला."

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयानं दगा दिला. वहिनींनी फोन केल्यावर प्रदीपजी आले, उंच, पिकल्या मिशांचे, हातात खव्याच्या जिलब्यांचा डबा. दवाखान्यात दोघं पहिल्यांदाच एकमेकांना बघत होते. अण्णांनी नळ्या लावलेल्या हाताची दोन बोटं वर केली. प्रदीपजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "हां भाई, दो ही है. आप सही थे. मैं ही ज़िद कर रहा था."

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. आवाज बारीक झाला होता, पण राग शाबूत होता. "झूट मत बोलो. बीमार हूँ करके नंबर घटाते क्या? तुम्हारा नौ था, नौ रखो." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "मास्तर, तुझ्या लग्नाचे सहा कर. पोरगी टिकली बे तुझ्याजवळ." जिलबीला त्यांनी नुसत्या वासावर पाच दिले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

दुकान आता वहिनी बघतात. गठ्ठ्यामागचा कॉम्प्युटर खरोखरच हिशेबाला लागलाय. मी मध्ये एकदा ती साईट उघडून बघितली. कुकीज घेता का म्हणाली. पुढं कुठं काय दाबायचं ते कळलं नाही, पण वहिनींनी शोधून दाखवलं. चादरकिंगच्या नावापुढं तो नऊ अजून आहे, त्या दहा आकड्यांच्या तळाला.

अण्णांचा फोन गल्ल्यापाशी असतो. रविवारी दुपारी तो वाजतो. पहिल्या वेळी वहिनींना उचलवेना, म्हणून मी उचलला. पलीकडून प्रदीपजी हळूच म्हणाले, "नौ."

मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, "दो. गाडी को वजनच नहीं है उसमें."